जावई, शके सोळाशेच्या सुमाराचा

जातं नानासोंना, खुर्ची मला आणि पुण्य सासूबाईंना. हिशेब इतका सरळ होता की त्यात कुणाचं काही जाईल असं मला वाटलंच नाही.

खुर्ची म्हणजे आमच्या साताऱ्याच्या कॉलेजातल्या हेडक्लार्कची. तिला हात होते. सीनिअर क्लार्कच्या खुर्चीला हात नसतात. त्यामुळे विचार करायची वेळ आली की कोपर टेबलावर टेकावं लागतं, आणि कोपर टेबलावर दिसलं की प्राचार्यांना वाटतं जगदाळे झोपले. हाताच्या खुर्चीत हनुवटी धरून बसलं तर तोच माणूस विचारी ठरतो. शिवाय त्या टेबलावर शिपायाला बोलवायची घंटा होती, खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता आणि तिथं चहा बशीसकट यायचा. अठरा वर्षं मी नुसत्या कपातला चहा प्यायलो होतो. जुने हेडक्लार्क मार्चअखेर निवृत्त होणार होते. जागेला दावेदार दोन, मी आणि मानसिंग. मानसिंगची नोकरी माझ्या निम्मी, पण टायपिंगचा वेग माझ्या दुप्पट. प्राचार्यांच्या मते काटा मधोमध उभा होता.

काटा हलवणारा हात नानासोंचा. नानासो आमच्या संस्थेचे अध्यक्ष. माणसाला उतारवयात एखादा नाद लागतो तसा त्यांना इतिहासाचा लागला होता. पुसेगावच्या अलीकडं रस्त्यापासून मैलभर आत एका माळावर त्यांनी 'मूळवस्ती' उभी केली होती. आपल्या पूर्वजांनी काटेरी रान तोडून, विहीर खणून पहिलं गाव कसं वसवलं ते दाखवणारं जिवंत संग्रहालय. जिवंत म्हणजे कपाटातल्या बाहुल्या नव्हेत. खरी घरं, खरी मोट, खरा कुंभार, खरा पाटील. सगळ्यांनी शके सोळाशेत राहायचं आणि त्यापुढचं काही ठाऊक नाही असं वागायचं. तुम्ही त्यांना बॅटरी दाखवली तर त्यांनी "हे काय आणि?" असं विचारायचं. यासाठी नानासोंनी माण तालुक्यातली माणसं पगारावर आणली होती, बहुतेक बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली.

एकदा फाइलवर सही घ्यायला गेलो असताना नानासो म्हणाले, "जगदाळे, गाव सगळं झालं, पण जातं मनासारखं मिळत नाही."

मी सहज बोलून गेलो, "आमच्या सासुरवाडीला आहे की. दोन बायकांचं. सात पिढ्यांचं."

नानासोंनी पेन खाली ठेवलं. "ते जातं मूळवस्तीत आलं, तर तुमचं काम झालंच समजा."

आता जातं सासूबाईंचं. त्यांचं नाव बनुबाई. दहिवडीकडच्या. दिवाळीपासून डोळे दाखवायला म्हणून आमच्याकडं साताऱ्यात होत्या. डोळे डॉक्टरांनी एका दिवसात बघितले. आमचं घर त्या तीन महिने बघत होत्या. त्यांना जातं द्या असं तोंडानं सांगणं म्हणजे अंगावरचं लुगडं मागण्यासारखं. तेव्हा मी ठरवलं, आधी त्यांना मूळवस्ती दाखवायची. तिथला थाट पाहिला की आपलं जातंही इथं मानानं बसावं असं त्यांना आपोआप वाटेल. बायकोला, म्हणजे विजयमालाला, मी हा बेत सांगितला तेव्हा ती म्हणाली, "आईला जातं दाखवायला तिकीट काढून नेणार?" बायका मुद्द्यापासून फार लवकर दूर जातात.

आमचे शेजारी चांदसाहेब, बांगड्यांचे व्यापारी. त्यांना कुठल्याही प्रवासाची बातमी लागली की ते सल्ला घेऊन कट्ट्यावर येतात. म्हणाले, "जगदाळेसाहेब, माळावर काय मिळत नाही. घरनं बटाट्याची भाजी न्या. बटाटा दिवसभर इमानदार राहतो. आणि सासूबाईंना पुढं चालू देऊ नका."

"का?"

"आमच्या सासूला औरंगाबादेत पुढं चालू दिलं. तिनं बीबीच्या मकबऱ्यात मुक्कामाची जागा बघितली."

बटाट्याचा सल्ला मी मानला. दुसरा मानला असता तर ही हकीकत लिहायची वेळ आली नसती.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. मी, विजयमाला, नऊ वर्षांची आमची बेबी आणि सासूबाई. मी टेरिलीनची पँट घातली होती. विजयमालानं भावाच्या लग्नातली नायलॉनची साडी नेसली. सासूबाई रोजच्याच होत्या: नऊवारी लुगडं, खणाची चोळी, गळ्यात डोरलं, कमरेला चंची, पायात काही नाही. एसटीतून उतरून मैलभर चालायचं होतं. सासूबाईंना चालायची सवय आणि मला रविवारची, त्यामुळे त्या दोनशे पावलं पुढं गेल्या.

फाटकावर दस्तगीर नावाचा पहारेकरी होता. मिलिटरीतून निवृत्त झालेला, मिशांना पीळ दिलेला. त्यानं सासूबाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि ओरडून म्हणाला, "मावशी, ही काय कामावर यायची वेळ झाली व्हय? आत बायका खोळंबल्यात. त्या बाजूच्या दारानं पळा."

कुणी काम सांगितलं की सासूबाई का म्हणून विचारत नाहीत. त्या बाजूच्या दारानं आत गेल्या. मी लांबून हात केला, हाक मारली, पण वारा उलटा होता.

"अहो, त्या आमच्या सासूबाई," मी धापा टाकत म्हणालो. "त्यांचं तिकीट काढायचंय."

"काढा की. पण आता त्यांना भायेर बोलवायला मला परवानगी न्हाई," दस्तगीर म्हणाला. "कामगार एकदा आत गेला की संध्याकाळीच भायेर."

"त्या कामगार नाहीत."

"साहेब, मी बावीस वर्सं पहारा केलाय. मला कळतंय कोण कशातलं ते."

मग आमची तपासणी सुरू झाली. आत शके सोळाशे असल्यामुळं शके सोळाशेत नसलेली वस्तू आत न्यायला मनाई होती. तशी पाटीच होती. माझं घड्याळ गेलं. फाउंटन पेन गेलं. चष्मा गेला.

"चष्म्याशिवाय मला दिसत नाही," मी म्हणालो.

"त्या काळात कुणालाच न्हवतं दिसत," दस्तगीर म्हणाला. त्यानं डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला. "बटाटा आत जात न्हाई."

"का?"

"नंतर आलाय त्यो. नानासोंनी वर्गात शिकवलंय आमाला. पोळी जाईल, पण तिला भाजी लागलीय. डबा हितंच ठेवा."

डबा ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर जी शिस्त होती तिच्याखाली मला भूक दिसली. पण चष्मा काढलेला असल्यामुळं खात्री देता येत नाही.

टेरिलीनही नंतर आलेलं होतं. मला एका खोलीत नेऊन धोतर, बंडी आणि मुंडासं दिलं. मला धोतर नेसता येत नाही. हे कबूल करायला जड जातं, कारण माझे आजोबा धोतरावर तालमीत उतरायचे. दस्तगीरलाही येत नव्हतं, पण सैन्यातला माणूस नाही म्हणत नाही. त्यानं मला उभं केलं, गुडघा लावला आणि होल्डॉल आवळतात तसं ते धोतर माझ्याभोवती आवळलं. श्वास अर्धाच येत होता. विजयमाला लुगडं नेसून बाहेर आली तर ओळखू येईना, आणि ती मला बघून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. बेबीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला काय झालंय?"

या सगळ्यात तास गेला. आम्ही आत शिरलो तेव्हा मूळवस्तीत मोट चालली होती, कुंभाराचं चाक फिरत होतं, आणि मला हे सगळं धुक्यातून दिसावं तसं दिसत होतं. पण एक आवाज ओळखीचा आला. पाटलाच्या घरातून.

"ही चूल कुणी घातली गं? वाऱ्याच्या तोंडाला? आन् ही उतरंड? ल्हान गाडगं खाली, म्होटं वर? कवा रचली? झोपंत?"

पाटलाच्या ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर खोचला होता. समोर संग्रहालयाचं जातं उघडं पाडून ठेवलं होतं, वरची तळी एकीकडं, खालची एकीकडं. एक तरणी बाई, कपाळभर कुंकू लावलेली, अपराध्यासारखी उभी होती. ही राहीबाई. मूळवस्तीतली पाटलीण. शेजारी मोठं पागोटं घातलेला तिचा नवरा आकाराम, मूळवस्तीतला पाटील. त्याआधी तो मुंबईत गिरणीत बदली कामगार होता.

"आई, हे संग्रहालय आहे," मी म्हणालो. "हात लावायचा नसतो."

"जावईबापू, जात्याला टाकी लावलेली न्हाई. गुळगुळीत झालंय. ही पोरगी सकाळधरनं दळतीया का दगडाला मालीश करतीया?" मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "तुमाला कुनी बांधून घातलं?"

इथून जे झालं ते थांबवता आलं असतं का, याचा मी बराच विचार केला आहे. हात नसलेल्या खुर्चीत. नसतं आलं. आमच्याकडं दोन बायका पाच मिनिटं एका ओसरीवर बसल्या की त्या नातं काढतात. संग्रहालय असो, दवाखाना असो.

"म्हायेर कुठलं गं तुजं?" सासूबाईंनी विचारलं.

"बिदालचं."

"बिदालात कुनाची?"

"वड्याकडच्या गुंडा भोसल्याची नात मी."

"गुंडाच्या थोरल्या सुनंची आय कुठली?"

"मलवडीची. येसूआज्जी."

सासूबाईंनी जात्याचा खुंटा खाली ठेवला. "येसू माजी सख्खी आत्ती, आन् तुजी आय तिची लेक. म्हंजी तू माजी भाची की गं."

राहीबाईनं लगेच वाकून पाया पडून घेतलं. मग विजयमालाच्या गळ्यात पडली. "व्हय अक्का, म्या मगाशीच म्हनलं, ही पावनी आपल्यातली दिसतीया." विजयमालाला शके सोळाशेच्या लुगड्यात कुणीही आपल्यातलंच म्हणालं असतं. पण तिलाही गहिवर आला. आणि मग तिघींनी मिळून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेतला बदल मला चष्म्याशिवायही दिसला. एक मिनिटापूर्वी मी तिकीट काढून आलेला प्रेक्षक होतो. आता मी जावई होतो. पहिल्यांदा घरी आलेला.

आकारामनं पागोटं सारखं केलं. "म्हंजी आपण साडू लागलो. बसा दाजी, घोंगडं टाकतो."

"अहो, तुम्हाला प्रेक्षकांशी असं बोलायला परवानगी आहे का?" मी हळूच विचारलं. समोर पाटीच होती, ती बेबीनं वाचून दाखवली: वस्तीवाल्यांनी प्रेक्षकांशी शके १६०० च्या पुढील विषय बोलू नये.

आकारामनं पाटीकडं बघून विचार केला. "नातं त्याच्या आदीचं हाय म्हनायचं," तो म्हणाला आणि त्यानं घोंगडं टाकलं.

डबा बाहेर राहिल्यामुळं बेबीला भूक लागली होती. ती ते मोठ्यानं म्हणाली. राहीबाईच्या चेहऱ्यावर काळजी आली, कारण घरात होती बाजरी, मीठ आणि सुकी चटणी. संग्रहालयाचा शिधा तेवढाच. आणि जावई पहिल्यांदा आलेला. ती उठली आणि आकारामच्या कानाशी काही बोलली. दोघांनी अंगणाकडं पाहिलं.

अंगणात सर्ज्या फिरत होता. सर्ज्या म्हणजे मूळवस्तीचा एकुलता एक कोंबडा. लालभडक, मानेवर सोनेरी झाक, भाल्यासारखा तुरा. नानासोंनी तो स्वतः पारखून आणला होता. शके सोळाशेत घड्याळ नसल्यामुळं पहाटे तो आरवला की वस्तीचा दिवस सुरू व्हायचा. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्याचा फोटो होता. प्राचार्यांचा नव्हता.

"नको," मी म्हणालो. "अहो, नको. खरंच नको."

सासूबाई समाधानानं विजयमालाला म्हणाल्या, "बग, रीतभात हाय त्येंच्यात."

"आई, रीत नाही, मी खरंच नको म्हणतोय. तो कोंबडा नानासोंचा आहे."

"जावयानं एकदा नको म्हनलं तर एक कापायचा आसतो," सासूबाई राहीबाईला समजावत होत्या. "दोनदा म्हनलं तर नीट मसाला वाटायचा."

मी तिसऱ्यांदा नको म्हणालो. त्यावर राहीबाईनं डोळ्याला पदर लावला. "दाजी, मला ठावं हाय, नानासो मला कामावरनं काडत्याल. काडूद्यात. पर जावई माज्या दारातनं उपाशी गेला तर बिदालला म्या त्वांड कसं दावू?"

मी जितका गंभीर होत गेलो तितका मी खानदानी ठरत गेलो. शेवटी मी उठून सर्ज्याच्या आणि आकारामच्या मध्ये उभं राहण्याचा प्रयत्न केला. धोतरामुळं पाऊल वीतभरच पडत होतं. शिवाय चष्मा नसल्यानं मी ज्याच्यासमोर हात पसरून उभा राहिलो तो लाल मुंडासं वाळत घातलेला खुंट निघाला. मागं पंखांची फडफड झाली आणि थांबली.

अर्ध्या तासात जो वास सुटला त्याबद्दल मी काही बोलणार नाही, कारण जे बोलायला हवं ते माझ्या भूमिकेला शोभणारं नाही. मसाला सासूबाईंनी वाटला. चुलीचं तोंड त्यांनी आधीच फिरवून घेतलं होतं. मोटेवरचा माणूस आला, कुंभार आला. मूळवस्तीत पहिल्यांदाच धूर नीट वर गेला, असं कुंभार म्हणाला.

मी भिंतीला टेकून विचार करत होतो. कोंबडा गेला. पण जातं मिळालं तर? जात्यापुढं कोंबडा काय चीज? मी घसा साफ केला.

"आई, तुमचं जातं इथं शोभलं असतं."

सासूबाई मसाल्याचा हात न धुता माझ्याकडं बघत राहिल्या. "शोभायला म्हनून दगड कोन ठेवतं?"

मी डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं.

"पर ह्या पोरीचं खांदं जात्याल ह्या असल्या जात्यावर," त्या पुढं म्हणाल्या. "आमचं हितंच आनून टाका. म्या टाकी लावून घेते. आन् दळायला शिकवायला आठ-पंधरा दिस ऱ्हाते."

माझ्या डोळ्यांसमोर हाताची खुर्ची उभी राहिली. जातं मिळालं. सासूबाई आठ-पंधरा दिवस. एकाच वाक्यात दोन्ही. मला इतका आनंद झाला की राहीबाईनं पितळीत तंगडी वाढली तेव्हा मी नको म्हणायला विसरलो.

नेमका तेव्हा अंगणात पायरव झाला. नानासो आले होते. बरोबर पुण्याचे एक प्राध्यापक, जाड चष्म्याचे, हातात वही. त्यांना आत चष्मा आणि वही आणू दिली होती. विद्वानांना शके सोळाशे लागू नसतं.

नानासो त्यांना सांगत होते, "आणि हा आमचा सर्ज्या, याच्या आरवण्यावर सगळं..." ते थांबले. अंगणभर बघितलं. उकिरड्यावर सोनेरी पिसं होती. मग त्यांची नजर ओसरीवर आली, घोंगड्यावर आली, पितळीवर आली आणि माझ्या हातातल्या तंगडीवर येऊन स्थिर झाली.

मला तोंडातला घास ना गिळता येईना ना काढता येईना. राहीबाई दाराआड गेली. मोटेवरचा माणूस आपण मोटेवरच आहोत अशा चेहऱ्यानं उभा राहिला.

प्राध्यापक मात्र पुढं आले. मला सगळीकडून बघितलं. "नानासाहेब, हा कोण?"

नानासो काही बोलण्याच्या आत सासूबाई म्हणाल्या, "त्यो जावई हाय."

"जावई," प्राध्यापकांनी वहीत लिहिलं आणि ते हर्षानं नानासोंकडं वळले. "नानासाहेब, कमाल केलीत. मी अशी चार ठिकाणं बघितली. कुंभार सगळ्यांकडं असतो, लोहार असतो. पण आपल्या समाजाचा सगळ्यात मोठा खर्च कुणालाच दाखवायचा सुचला नाही. तुम्ही जावई ठेवलात."

नानासो म्हणजे चाळीस वर्षं संस्था चालवलेला माणूस; राग गिळायला त्यांना दोन सेकंद लागतात.

"हो," ते म्हणाले. "ठेवलाय."

"आणि चेहऱ्यावरचा भाव बघा. रुसलेला, अपमानित, तरीही खातोय. हे शिकवून येत नाही. बोलतो का हा?"

"साहेब, मी कॉलेजात सीनिअर..." मी तोंडातल्या घासासकट सुरुवात केली.

"जावई जेवताना बोलत न्हाई," आकारामनं जाहीर केलं. प्राध्यापकांनी तेही लिहून घेतलं. मग ते स्वतः पंगतीला बसले. दोन वेळा रस्सा घेतला आणि जाताना म्हणाले, याच्यावर मी निबंध लिहिणार. नानासोंनी अर्धी भाकरी घेतली. सर्ज्याला त्यांनी हात लावला नाही, पण रश्शात भाकरी बुडवताना मी त्यांना पाहिलं.

सोमवारी मला अध्यक्षांच्या खोलीत बोलावणं आलं.

"राहीबाईला काढायची होती," नानासो म्हणाले. "पण प्राध्यापकांनी तिचंही नाव लिहून नेलंय. ते राहू द्या. जातं कधी येतं?"

"या आठवड्यात, साहेब."

"छान. दर रविवारी दहा वाजता मूळवस्तीवर हजर राहायचं. घोंगडं, पंगत, रुसवा. प्राध्यापक पुढच्या महिन्यात वीस विद्यार्थी आणणार आहेत."

मी घाबरत विचारलं, "आणि साहेब, ते हेडक्लार्कचं?"

नानासोंना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "जगदाळे, मी शब्दाचा पक्का आहे. पण तुम्हीच सांगा. रविवारी ज्या माणसाला मुलांनी धोतरात रुसून बसलेलं बघितलं, त्याच्या सहीच्या फीच्या नोटिशीला सोमवारी ती मुलं घाबरतील का? पदाला एक वजन लागतं. तुम्ही संस्थेसाठी फार मोठी गोष्ट केलीत. मी ती विसरणार नाही."

एक एप्रिलला मानसिंग खुर्चीत बसला. पहिल्याच दिवशी त्यानं घंटा वाजवली आणि शिपाई जागेवर नव्हता म्हणून मी गेलो. तो अवघडून म्हणाला, "तुम्ही कशाला आला, जावईबापू?" तेव्हापासून ऑफिसात माझं हेच नाव आहे.

ओसरीवर माझ्या डोक्यावर आता पाटी आहे: जावई. शके १६०० च्या सुमाराचा. कृपया प्रेक्षकांनी खाऊ घालू नये. धोतर आकारामदाजी नेसवतो, त्यामुळं श्वास पुरा येतो. विजयमाला आणि बेबी दर रविवारी तिकीट काढून येतात. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला सवलत नाही. मी म्हणालो, कशाला येतेस? तर म्हणाली, "घरी तुमचा एवढा मान कोण करतं, तो एकदा डोळ्यांनी बघू दे." सासूबाईंचे आठ-पंधरा दिवस अजून चालू आहेत. जात्याला टाकी लागली, राहीबाईचे खांदे वाचले, पीठ रेशमासारखं पडतं आणि नानासो त्या जात्याला कुणाला हात लावू देत नाहीत, म्हणजे सासूबाई कुणाला लावू देत नाहीत आणि नानासो होय म्हणतात.

राहिला प्रश्न कोंबड्याचा. जावई दर रविवारी, म्हणजे कोंबडा दर रविवारी. संस्थेच्या बैठकीत विषय निघाला. नानासो म्हणाले, बाजरी, मीठ, सरपण संस्था देईल. पण जावयाचा पाहुणचार सासुरवाडीनं करायचा असतो. तो संस्थेनं केला तर इतिहासाशी प्रतारणा होईल. ठराव मंजूर झाला. राहीबाईच्या पगारात ते बसेना. तेव्हा सासूबाई पुढं झाल्या. "माजा जावई हाय. कोंबडा म्या घालीन."

त्या दिवशी मला भरून आलं होतं हे मी नाकारत नाही. महिन्याभरानं आमच्या साताऱ्याच्या घराच्या परसात चांदसाहेबांच्या बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यांचं खुराडं दिसलं. आत तेरा पिल्लं. सासूबाई निरोप पाठवतात आणि विजयमाला पाळते. आकारामदाजी हाडं चोखतो, प्राध्यापकांचा निबंध छापून आला, नानासोंच्या फाटकावर रांग लागते. त्या तेरा पिल्लांची बाजरी मात्र दर शनिवारी मीच आणतो, मार्केट यार्डातून, पिशवी खांद्यावर टाकून.